अँटी-डम्पिंग शुल्कावर युरोपीय संसद मतदान करत नाही

‘लिस्बन करारानंतर युरोपीय संघाचे प्रत्येक अँटी-डम्पिंग शुल्क संसदेत मंजूर व्हावे लागते’ हा निर्यातदारांमध्ये फिरणारा मेसेज चुकीचा आहे. (अँटी-डम्पिंग शुल्क म्हणजे अवाजवी स्वस्तात आयात होणाऱ्या मालावर लावला जाणारा जादा कर; लिस्बन करार म्हणजे संघाच्या कारभाराचे नियम बदलणारा करार.) संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या करारातील (TFEU) कलम 207 नुसार संसद आणि परिषद (सदस्य देशांच्या मंत्र्यांची संस्था) मिळून फक्त चौकटीचा कायदा, म्हणजे शुल्क कसे लावायचे याचे सर्वसाधारण नियम, करतात.

पूर्वी अंतिम शुल्क परिषद लावायची. 20 फेब्रुवारी 2014 पासून, नियमन 37/2014 मुळे, ते युरोपीय आयोग (संघाची कार्यकारी संस्था) लावतो. सदस्य देशांच्या समितीला ते अडवायचे तर 27 पैकी किमान 15 देश विरोधात हवेत, आणि त्यांची लोकसंख्या संघाच्या 65 टक्के हवी. एवढा विरोध जुळवणे फार अवघड! संसद फार तर अधिकारमर्यादा ओलांडल्याचा आक्षेप नोंदवते. तो आयोगावर बंधनकारक नसतो.

म्हणून खासदारांना पत्रे लिहिण्यात वेळ घालवू नका. आयोगाच्या डम्पिंगविषयक चौकशीची प्रश्नावली भरायला किमान 30 दिवस मिळतात, ते आधी वापरा.