राजपुत्राचे वकील

सांगलीच्या दादाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक लांबलचक मजकूर टाकला. हल्लीच्या ॲनिमेशनपटांत राजपुत्र बदमाश निघतो, राजकन्या लग्नाला नाही म्हणते, राक्षस नायक होतो. मुलांवर काय संस्कार होणार? खाली त्याची स्वतःची पुस्ती : ‘तुमच्याकडचं फॅड.’ मी जर्मनीत हानाउला राहते. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंचं हे जन्मगाव, म्हणून बहुधा जगातल्या सगळ्या परीकथांची जबाबदारी माझ्यावर.

‘फ्रोझन’वर (2013) त्याचा विशेष राग. त्यातला राजपुत्र हान्स पहिल्याच दिवशी राजकन्या ॲनाला मागणी घालतो, ती हो म्हणते, आणि थोरली बहीण अडवते : आत्ता भेटलेल्या माणसाशी लग्न? आपल्या घरात अर्ध्या तासाच्या कांदेपोह्यांवर लग्नं ठरली, म्हणून हे बोचलं असेल. पुढे ॲना गोठत असते, तरी बहिणीवर उगारलेल्या तलवारीच्या आड उभी राहते आणि त्यानेच वाचते. बहिणीसाठी जीव देणं हा संस्कार नाही? ‘श्रेक’ (2001) तर सुरुवातीलाच गोष्टीच्या पुस्तकाचं पान फाडून शौचालयात वापरतो. त्यावर दादा अजून बोललेला नाही. त्याने तो पाहिला नसावा.

दादा ज्याला परंपरा म्हणतो, ती कुठली? ग्रिमच्या 1812 च्या पहिल्या खंडातली पहिलीच गोष्ट बेडूक-राजाची. त्यात राजकन्या बेडकाचा मुका वगैरे घेत नाही, चिडून त्याला भिंतीवर आपटते. तेव्हा कुठे त्याचा राजपुत्र होतो. स्नो व्हाइट चुंबनाने उठते ती डिस्नेच्या 1937 च्या चित्रपटात. ग्रिमकडे शवपेटी नेणारे नोकर अडखळतात, धक्क्याने घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. अँडरसनची जलपरी (1837) तर राजपुत्र न मिळताच संपते. दादा हॉलिवूडचीच जुनी डागडुजी हॉलिवूडपासून वाचवतोय. ‘पण शेवटी बेडकाशी लग्न केलंच ना तिने?’ असं त्याने लिहिलं. ते मी सोडून दिलं.

आणि आपल्या गोष्टींत तरी राजपुत्र कुठे होता? भोपळ्यातून टुणूक टुणूक जाणारी म्हातारी वाघाला ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ सांगून सुटते. तिला सोडवायला कुणी घोड्यावरून येत नाही. हे मी ग्रुपवर फार ऐटीत लिहिलं. इथली मुलं दर उन्हाळ्यात फिलिप्सरूह राजवाड्याच्या बागेत ग्रिमच्या गोष्टींवरची नाटकं बघतात, तिथे कुणाच्या भावना दुखावत नाहीत, हेही लिहिलं. ते लिहायला नको होतं असं नवऱ्याचं मत.

खरं तर माझ्या मुलीला भोपळा माहीत आहे तो हॅलोवीनचा. तिला मी चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायला घेतली. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं, तो दारात भिजतोय, चिऊताई म्हणतेय, थांब, माझ्या बाळाला तीट लावते. मुलगी उठूनच बसली. ‘आई, ती त्याला आत का घेत नाही?’ जर्मनमध्ये विचारलं. मी मराठीत सांगितलं, ‘तिचं घर आहे, तिची मर्जी.’ पुढचा तापलेला तवा मी गाळला.

निवडणुकीच्या दिवसांत इथल्या बाजारात माइकवरून हेच ऐकू येतं, जवळपास याच शब्दांत. तेव्हा मी पिशव्या उचलून भरभर चालू लागते. पासपोर्ट आता लाल, जर्मन आहे माझा, तरीही.