तुवालू बुडालेला नाहीये हो, आधी हे वाचा आणि मग फॉरवर्ड करा

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. "जगातला सगळ्यात छोटा देश तुवालू समुद्रात बुडाला, सगळी जनता ऑस्ट्रेलियाने नेली, बघायला काही उरलं नाही, शेवटचं एकदा जाऊन या." अहो, बुडाला असेल तर जायचं कुठे, पाणबुडीतून?

सगळ्यात छोटा वगैरे नाही. व्हॅटिकन, मोनॅको, नाउरू आणि मग हा प्रशांत महासागरातला बेटांचा देश, 26 चौरस किलोमीटर. जाऊ दे, किरकोळ चूक.

बुडाला हे मात्र साफ खोटं. धोका खराच आहे, जमीन समुद्रापासून जेमतेम दोनेक मीटर वर, आणि मोठ्या उधाणाला पाणी नुसतं किनाऱ्यावरून येत नाही तर जमिनीखालूनच वर येतं कारण खालचं प्रवाळ चाळणीसारखं, मग खड्ड्यात लावलेला पुलाका, म्हणजे आपल्या अळूच्या जातीचा कंद, खारटून मरतो. पण 2018 साली आलेल्या अभ्यासात 1971 ते 2014 मधली 101 छोटी-मोठी बेटं तपासली तर एकूण जमीन 2.9 टक्के वाढलेली निघाली, लाटा-वादळं वाळू आणि प्रवाळाचा चुरा आणून टाकतात म्हणून. यावर लगेच "बघा, क्लायमेट चेंज थापा आहे" म्हणून नाचणारेही आहेत, त्यांनाही हात जोडून नमस्कार, वाळू वाढली म्हणून पाणी गोड होत नाही. तिथे प्यायला छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी, 2011 ला पाऊस रुसला तर आणीबाणी लावावी लागली होती.

ऑस्ट्रेलियाने सगळ्यांना नेलं? 2023 च्या फालेपिली करारात वर्षाला 280 जणांना व्हिसा आहे, तोही सोडत काढून. अर्ज भरपूर आले हे खरं, पण लोकसंख्या दहा-अकरा हजार, हिशोब तुम्हीच करा. आणि व्हिसा मिळाला म्हणजे घर कायमचं सोडलं असं नाही, येजा करता येते.

आता "बघायला काही नाही". रिसॉर्ट, बीच पार्टी हवी असेल तर खरंच जाऊ नका. फिजीहून आठवड्याला मोजकी विमानं, ऑस्ट्रेलियन डॉलर रोख न्यायचे (पहिलं एटीएम 2025 मध्ये आलंय!), आणि अंघोळीला बादलीभर पाण्यात भागवायचं, ते पाणी त्यांच्या टाकीतलं आहे. पण राजधानी फुनाफुतीचं लगून, म्हणजे प्रवाळबेटांच्या कड्यामधलं शांत पाणी, आणि पश्चिमेकडची राखीव बेटं बघितली तर असं कोणी म्हणणार नाही. आणि रनवे! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेला, गावातली सगळ्यात मोठी मोकळी जागा तीच, म्हणून संध्याकाळी अख्खं गाव तिथे, व्हॉलीबॉल, फुटबॉल, बाइकवर चक्कर, कोणी चटई टाकून आडवं. विमान यायचं झालं की भोंगा वाजतो, सगळे बाजूला होतात, विमान येऊन जातं, की परत खेळ सुरू.