खुलासा: बेटी डेव्हिसने थोबाडीत मारलेली नाही

‘ओल्ड अक्वेंटन्स’ (१९४३) या हॉलीवूडच्या चित्रपटात नटी बेटी डेव्हिस सहनटी मिरियम हॉपकिन्सच्या थोबाडीत मारते, असं सांगणारी पोस्ट फिरते आहे. हे चूक आहे. किट (डेव्हिस) तिची मैत्रीण मिलीचे (हॉपकिन्स) खांदे धरते, तिला गदागदा हलवते, सोफ्यावर ढकलते आणि ‘सॉरी’ म्हणते. वर्षानुवर्षं सगळं ऐकून घेणाऱ्या मैत्रिणीचा संयम सुटतो तो एवढाच, म्हणून तर तो प्रसंग अंगावर येतो! थप्पड घुसडली की त्यातली सगळी जान जाते.

दोघी नट्यांचं प्रत्यक्षातलं वैर मात्र खरं. ‘जेझबेल’ हे नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, हॉपकिन्सने केलं होतं; पडद्यावर त्याच भूमिकेसाठी ऑस्कर डेव्हिसला मिळालं. आणि ‘ओल्ड अक्वेंटन्स’ची कथा त्यांच्या भांडणावरून लिहिलेली नाही, ती जॉन व्हॅन ड्रुटेन यांच्या १९४० च्या नाटकावरून घेतली आहे.