परदेशातून : जोडभुवईची सुपरहिरो

खऱ्याखुऱ्या चित्रकारावर सुपरहिरो बेतायचा म्हटलं की आपल्याकडे चर्चेला दोनच फाटे फुटतात. थोर माणसाला मारामारी करायला लावणं हा अपमान, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, कलास्वातंत्र्य आहे, तुम्ही कोण विचारणारे? पात्र काढलंय कसं, हे बघायला कुणी थांबतच नाही. मेक्सिको सिटीत बसून हा वाद वाचताना त्याचं तोकडेपण जास्तच जाणवतं, कारण इथं भांडण रेषेवरूनही होतं.

२०१८ मध्ये मॅटेल कंपनीने मेक्सिकोची जोडभुवईची चित्रकार फ्रिडा काहलो हिची बार्बी बाहुली आणली. फ्रिडाच्या घरच्यांनी विरोध केला आणि इथल्या न्यायालयाने मेक्सिकोतल्या विक्रीला तात्पुरती मनाई केली. खटला हक्कांचा होता, पण लोकांची तक्रार अगदी नेमकी होती: भुवया जुळलेल्या नाहीत, रंग उजळ केलाय, पोशाख वरवरचा आहे. पात्र रचणाऱ्याला अशी यादी दहा परिसंवादांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

जोडभुवईचंच बघा. भुवयांची आतली टोकं खाली ओढली की चेहरा रागावलेला दिसतो, हे व्यंगचित्रातलं मूळाक्षर. त्यामुळे जोडभुवई नुसती काळी पट्टी म्हणून काढली, की हसणारी, घाबरलेली, झोपलेली अशी प्रत्येक फ्रिडा चिडलेलीच दिसते. मग चित्रकार वैतागून मधला सांधा पुसतो आणि बाहुली तयार होते. उपाय सोपा आहे. सांधा भुवयांच्या मधल्या उंचीवरच ठेवायचा, खाली घसरू द्यायचा नाही. तिथं सलग रेघेऐवजी चार-पाच सुटे फटकारे मारायचे आणि जाडी बाहेरच्या टोकांकडे न्यायची. हावभाव त्या टोकांनी आणि खालच्या पापणीने दाखवायचे. चेहरा दोन सेंटिमीटरचा करून बघा. तिथं भुवई टिकली, तर छपाईतही टिकते.

घागरा आणखी अवघड. सहाव्या वर्षी पोलिओ झाल्याने तिचा उजवा पाय बारीक राहिला होता आणि लांब तेहुआना या पारंपरिक मेक्सिकन घागऱ्याखाली तो झाकला जाई. सुपरहिरो करताना पहिला मोह होतो घागरा आखूड करायचा, कारण पाय दिसले नाहीत तर धावणं कळत नाही, आकृतीची घंटा होते. पण आखूड केला की झाकण्याचं कारणच जातं. त्यापेक्षा खालच्या झालरीला वजन द्यावं. शरीर पुढे गेलं तरी झालर एक पाऊल मागे राहते. ती शेवटी आणि उलट दिशेला झुकवून काढली की वेग आपोआप दिसतो. नक्षी मात्र फक्त काठावर. २२ पानांच्या अंकात शंभरावर चौकटी असतात. अंगभर फुलं काढत बसलात, तर शाई करणारा दहाव्या पानावर हात टेकतो आणि पुढची फुलं नुसते ठिपके होतात.

१९२५ च्या बस अपघातानंतर तिने पाठीला आधार द्यायला प्लास्टर, चामडं आणि पोलादाचे कॉर्सेट म्हणजे घट्ट पट्टे वापरले. त्याचं चिलखत करणं ही सगळ्यांना सुचणारी कल्पना, आणि तिथंच बहुतेक जण फसतात. कॉर्सेट घातलेल्या माणसाची कंबर मुरडत नाही. खांदे आणि नितंब एकाच खोक्यात फिरतात, वळायचं तर पावलं टाकावी लागतात. सुपरहिरोची नेहमीची पिळदार पोझ इथं चालणारच नाही. चौथ्या पानावर सवयीने कंबर मुरडली, की कॉर्सेट नुसता कपडा उरतो. उंचीही सात-साडेसात डोक्यांएवढीच ठेवावी, सुपरहिरोच्या साच्यातली आठ नको.

शक्ती दुःखातून आली, असं दाखवणं मला सर्वांत आळशी वाटतं. तिच्या कामाच्या पद्धतीत शक्ती आहे की! पलंगाच्या छतावर आरसा, खास बनवलेला ईझल म्हणजे चित्र टेकवायची चौकट, आडवं पडून चित्र काढणं. समजा, आरशात दिसेल तेवढंच तिला बदलता येतं, तेही डावं-उजवं उलटं होऊन, आणि तैलरंग ओला असेपर्यंतच. तैलरंग वाळायला दिवस लागतात, अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत वाळतो. कथेला घाई हवी तर रंग बदला. मर्यादा कागदावर मांडल्याशिवाय शक्ती देऊ नये, नाहीतर तिसऱ्या अंकात तिला हरवणारं कुणी उरत नाही.

इथलं सगळं छान आहे असं मुळीच नाही. ही कम्युनिस्ट बाई कपांवर, पिशव्यांवर विकली जाते. पाचशे पेसोंच्या नोटेवर येऊन गेली. तिचं नाव ट्रेडमार्कात अडकलंय, चित्रांचे हक्क बँक ऑफ मेक्सिकोकडच्या ट्रस्टकडे आहेत. म्हणून पात्राला नाव आणि चेहरा नवाच द्यावा, चित्राची थेट नक्कल टाळावी. आपण थोरांना शेंदूर फासतो, इथं त्यांना दुकानात मांडतात. लंगडणं दोन्हीकडे पुसलं जातं. तरी याच देशाने एल सान्तो या खऱ्या कुस्तीगिराला १९५२ पासून कॉमिकचा नायक केलं, आणि त्याच्या मोठेपणाला काही धक्का लागला नाही.

आपल्याकडे असा प्रयोग करायचा तर पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन आहेत. अनवाणी पाय, काठीसारखा लांब कुंचला, सिनेमाची होर्डिंग्ज रंगवण्याची सुरुवात. सावलीतसुद्धा ओळखू येणारी आकृती आयती हातात आहे, आणि होर्डिंगएवढ्या मापात काम करणारी शक्तीही. पण नाव काढलं की वाद त्यांच्या चित्रांवर, २००६ मध्ये देश सोडण्यावर आणि नंतरच्या कतारच्या नागरिकत्वावर जाणार. त्या वादालाही जागा आहेच, फक्त तो पात्राच्या आराखड्यावर व्हावा: तळपाय किती वेळा दिसतो, पांढरी दाढी वेगात कुठे उडते, देश सोडल्याची गोष्ट कथेत येते की गाळली जाते. त्यांचे घोडे मात्र जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. निधन २०११ चं, आणि आपल्या कायद्यात मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. घोडा तुमचा तुम्हालाच काढावा लागेल.