शुद्ध केलं की तापमान चढेल? क्युप्रेटबद्दलच्या एका संदेशाचा समाचार

विज्ञान दिन जवळ आला की इंदूरच्या मराठी गटांतून एक संदेश फिरू लागतो. त्याचा सारांश असा: क्युप्रेट अतिवाहक (तांबे-ऑक्सिजनचे थर असलेले, थंड केल्यावर विजेला शून्य रोध करणारे पदार्थ) ९२ केल्विनला, म्हणजे उणे १८१ अंश सेल्सियसला, अडकलेत ते निव्वळ अशुद्धतेमुळे, स्फटिक निर्दोष झाला की ते खोलीच्या तापमानाला चालतील, आणि अतिवाहकावर चुंबक जितका पक्का तरंगेल तितका नमुना शुद्ध. पहिली दोन विधानं चूक आहेत, तिसरं तर नेमकं उलटं.

'९२ ला अडकलेत.' हा आकडा फक्त यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचा, म्हणजे वायबीसीओचा. पाऱ्याच्या तीन थरी क्युप्रेटचं संक्रमण तापमान, म्हणजे ज्याखाली तो अतिवाहक बनतो ते, सुमारे १३४ केल्विन आहे. हा फरक रचनेचा आहे, शुद्धतेचा नाही.

'निर्दोष स्फटिक.' कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधक गटाने बेरियम झिर्कोनेटच्या मुशीत ९९.९९ टक्क्यांहून शुद्ध वायबीसीओ वाढवलं. संक्रमण तापमानात भर पडली जेमतेम दोन केल्विनांची. त्याच स्फटिकात ऑक्सिजनची प्रत्येक जागा भरली, म्हणजे तो सर्वांत सुव्यवस्थित केला, तर तापमान ८८-८९ वर उतरतं, कारण होल (इलेक्ट्रॉन कमी झाल्याने उरलेल्या, वीज वाहणाऱ्या रिकाम्या जागा) गरजेपेक्षा जास्त होतात. उलट टोकाला थरांमधल्या तांबे-ऑक्सिजनच्या साखळीतला ऑक्सिजन पूर्ण काढला की उरतो तो अतिवाहक नव्हे, विद्युतरोधक.

'कुठलीही अशुद्धता घातकच' हे संदेशामागचं गृहीतक. मुळात प्रश्न किती हा नाही, कुठे हा आहे. यिट्रियमच्या जागी पूर्णपणे गॅडोलिनियम घाला. त्याचा अणू चांगलाच चुंबकीय, तरी तापमान ९२ च्या आसपासच राहतं. मात्र तांब्याच्या जागी १ टक्का जस्त, तेही अचुंबकीय, सुमारे १० केल्विन खाली ओढतं. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसनने १९५९ मध्ये दाखवलं होतं की साध्या अतिवाहकात अचुंबकीय दोष फारसे बाधत नाहीत. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वाहतात; क्युप्रेटमध्ये या जोडीच्या तरंगाचं चिन्ह दिशेनुसार बदलतं, त्यामुळे तांबे-ऑक्सिजन थरात बसलेला कोणताही विकिरक (इलेक्ट्रॉनांना विखुरणारा दोष) जोड्या मोडतो. गॅडोलिनियम त्या थराबाहेर बसतं, म्हणून निभावतं.

हे करून बघायचं तर १० ग्रॅम वायबीसीओसाठी यिट्रियम ऑक्साइड १.६९५ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.९२४ ग्रॅम, कॉपर ऑक्साइड ३.५८२ ग्रॅम घ्या. जस्ताच्या नमुन्यात कॉपर ऑक्साइड ३.५४६ ग्रॅम आणि झिंक ऑक्साइड ३६.६ मिलिग्रॅम. खरी गंमत त्या ३६ मिलिग्रॅममध्ये आहे: खलात नीट मिसळलं नाही तर चुंबकीय ग्रहणशीलतेच्या (नमुना चुंबकीय क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याच्या) आलेखात एका संक्रमणाऐवजी दोन पायऱ्या येतात. म्हणून ९०० ते ९३० अंश सेल्सियसला भाजून, पुन्हा कुटून, निदान तीनदा हे करा. शेवटी ४५० अंशांच्या आसपास वाहत्या ऑक्सिजनमध्ये ठेवून सावकाश थंड करा. इथे घाई झाली की ऑक्सिजन कमी राहतो, संक्रमण तापमान घसरतं आणि दोष जस्ताच्या माथी जातो. त्याच भट्टीत जस्ताविना एक गोळी सोबत ठेवाच. ॲल्युमिनाच्या मुशीतून ॲल्युमिनियम शिरतं, तेही लक्षात असू द्या. पावसाळ्यात गोळी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, ओलीने ती बिघडते. जस्त कुठे बसलं ते साध्या क्ष-किरण विवर्तनाला कळत नाही, कारण अणुक्रमांकात तांबं २९ आणि जस्त ३०, शेजारी-शेजारी. त्यासाठी क्ष-किरण शोषण लागतं, ज्याची सोय इंदूरच्याच इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) आहे.

संदेशात एक दाणा खरा आहे. कमी ऑक्सिजनचं वायबीसीओ तापवून झटक्यात थंड केलं आणि साध्या तापमानाला काही दिवस ठेवलं, तर ऑक्सिजन तेवढाच राहून संक्रमण तापमान वाढतं. साखळ्या जुळतात, थरांना जास्त होल मिळतात. पण हा फायदा होलचा. भरपूर ऑक्सिजनच्या नमुन्यात तो दिसत नाही.

'पक्का तरंगेल तितका शुद्ध.' द्रव नायट्रोजनमध्ये चुंबक एका जागी धरला जातो, नमुना उलटा केला तरी लोंबकळतो, तो चुंबकीय भोवरे (अतिवाहकात शिरलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या बारीक नळ्या) दोषांवर अडकल्यामुळे. दोष नसते तर भोवरे सरकले असते आणि चुंबकही जागचा हलला असता. म्हणून अशा गोळ्यांत हिरव्या यिट्रियम-२११ चे (अतिवाहक नसलेल्या दुसऱ्या यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचे) कण मुद्दाम पेरतात, आणि अतिवाहक पट्ट्यांत बेरियम झिर्कोनेटचे नॅनोस्तंभ. तेच बेरियम झिर्कोनेट, ज्याच्या मुशीत शुद्ध स्फटिक वाढवतात.