उष्माघात व्हायचाच असेल तर जरा सोयीने होऊ द्या

पुणेकरांनो, एप्रिल आलाय, तेव्हा आजारी पडायचं नियोजन आत्ताच करून ठेवा. ऐनवेळी रस्त्यात चक्कर येऊन पडणं शोभत नाही.

आधी वेळेचं बघू. दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका असं सरकार दरवर्षी सांगतं (आपल्या दुकानदारांनी 1 ते 4 शटर ओढून हे संशोधन कधीच केलं होतं, लोक उगाच हसत होते). पण सरकारी ओपीडी सकाळची, म्हणजे नऊला रांगेत उभं राहायचं, केसपेपर, मग डॉक्टर, मग रक्त, मग गोळ्यांची खिडकी आणि बाहेर याल तेव्हा बरोब्बर साडेबारा. तर मग थांबा तिथेच, पत्र्याच्या शेडखाली चांगलं उबदार असतं.

तापमानाचा आकडा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा धरायचा. तुम्ही कोरेगाव पार्क नाहीतर लोहगावला राहत असाल तर त्याच्या वर जे काही चढेल ते तुमचं तुम्ही बघा. 28 एप्रिल 2019 ला शिवाजीनगरलाच 43 अंश झालं होतं, तेव्हाही "आमच्या लहानपणी पंखे नव्हते" म्हणणारे काका होतेच. झाडं होती ना काका.

उष्माघात ओळखायचा कसा? अंगात 40 अंश सेल्सिअसच्या वर ताप आणि माणूस असंबद्ध, चिडून बोलायला लागतो. आता दुपारी झोपेतून उठवलेल्या पुणेकरात हे वेगळं कसं काढायचं देव जाणे. क्रोसिनचा इथे उपयोग नाही, पहिल्या अर्ध्या तासात अंग गार करावं लागतं, आणि 108 ची गाडी कितीही धावली तरी विद्यापीठ चौकातली कोंडी मध्ये येतेच, म्हणून शक्यतो रसवंतीसमोर पडा, तिथे बर्फाची लादी असते.

स्टाफची चिंता नको. लशींना 2 ते 8 डिग्रीचा फ्रीज आहे, टोचणाऱ्या सिस्टरना पंखा आहे, लाईट असली की फिरतो. आणि आशाताई? त्या भर उन्हात दारोदार फिरून तुम्हाला सांगतात, उन्हात फिरू नका. मानधनावर. त्यांना पाणी विचारू नका हं, सवय लागेल.

आणि हो, बऱ्याचदा गुरुवारी पाणी नसतं, तेव्हा पिंपं भरून ठेवा पण झाकण लावू नका. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी घालेल, आठ-दहा दिवसांत डास तयार, म्हणजे उष्माघाताच्या कॉट रिकाम्या झाल्या की लगेच डेंग्यूवाले झोपवता येतील, वॉर्ड मोकळा ठेवणं बरं दिसत नाही.