काका, ड्रॉ?

बुद्धिबळाचा डाव चालू असताना समोरच्याशी गप्पा मारायच्या नसतात. जे मोजके शब्द चालतात त्यातला एक म्हणजे 'ड्रॉ?', म्हणजे 'बरोबरी करायची का?', आणि नेमका तोच लोक भलत्या वेळी काढतात.

नियम सोपा आहे. आधी पटावर चाल करायची, मग ड्रॉ विचारायचा, मग घड्याळ दाबायचं. म्हणजे समोरचा डोकं खाजवणार ते स्वतःच्या वेळात. उतावळे मात्र चाल न करताच विचारून मोकळे होतात. हा प्रस्तावही ग्राह्य असतो आणि तो मागे घेता येत नाही. मुरलेला खेळाडू अशा वेळी गोड आवाजात म्हणतो, "आधी चाल करा ना." आता घड्याळ तुमचंच पळतंय. चाल बरी निघाली तर तो ड्रॉ घेईल. घोडा फुकट दिलात तर घोडा घेईल. आपल्याच पायावर धोंडा, तोही रीतसर नियमानुसार!

यापुढची परीक्षा वयस्कर खेळाडूंची. समोर नऊ वर्षांचा प्रतिस्पर्धी, पाय जमिनीला टेकत नाहीत, शेजारी कार्टूनची पाण्याची बाटली. बाराव्या चालीला तो नाक पुसत विचारतो, "काका, ड्रॉ?" काकांचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, 1800, पोराचं 1600. इतक्या फरकाला काकांकडून डावामागे सरासरी 0.76 गुणांची अपेक्षा असते (जिंकल्यास 1, ड्रॉला अर्धा). काकांचा के-फॅक्टर (रेटिंग किती झपाट्याने बदलतं तो आकडा) 20, पोराचा 40. ड्रॉ झाला तर काकांचे रेटिंगचे पाचेक गुण जातात आणि पोराला दहाएक मिळतात. कमी रेटिंगवाल्याने, त्यातून स्थिती वाईट असताना, आपणहून विचारू नये असा संकेत आहे. पण तो संकेतच. काकांच्या बाजूला फक्त शिष्टाचार, पोराच्या बाजूला अख्खं नियमांचं पुस्तक.

नाही म्हणायला तोंड उघडावंच लागतं असं नाही. खेळायच्या इराद्याने सोंगटीला हात लावला की नकार पोचला. एकदा नकार मिळाल्यावर स्थिती बदलेपर्यंत पुन्हा विचारू नये. आता विचारायची पाळी समोरच्याची. तरीही दर तीन चालींनी 'ड्रॉ?' करणारे महाभाग असतात. त्यांच्याशी वाद घालू नका. प्रत्येक प्रस्तावाला स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, (=) अशी खूण करायचीच असते, ती करत राहा आणि पंचांना बोलवा. उगाच ड्रॉ मागत राहणं हा त्रास देण्याचाच प्रकार धरला जातो.

माझ्या मते हरत असताना ड्रॉ मागणं म्हणजे 'मला भीती वाटतेय' असं लेखी देणं. मागायचा तर स्थिती भक्कम असताना, समोरच्याचं घड्याळ आटत आलेलं असताना. आणि तुम्हाला कुणी ड्रॉ देऊ केला तर आधी पट बघा: त्याला असं काय दिसलंय, जे तुम्हाला दिसलेलं नाही? 2018च्या जगज्जेतेपदाच्या बाराव्या डावात तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसनने बरी स्थिती असताना ड्रॉ देऊ केला, कारण पुढच्या निर्णायक जलद डावांत आपण आव्हानवीर कारुआनाला भारी पडू हा हिशेब पक्का होता. तो 3–0 असा खराही ठरला. आपला हिशेब बहुधा शेवटची लोकल गाठण्याचा असतो.

खरा गोंधळ तिहेरी पुनरावृत्तीचा, म्हणजे तीच स्थिती तिसऱ्यांदा आली म्हणून ड्रॉ मागण्याचा. 'तीनदा शह दिला, ड्रॉ!' असा नियम कुठेही नाही. तीच स्थिती, खेळण्याची पाळी त्याच खेळाडूची आणि शक्य चालीही त्याच, असं तिसऱ्यांदा व्हायला हवं. मधे इतर चाली झाल्या तरी चालतं. तुमच्या चालीने ते घडणार असेल तर ती चाल खेळायची नाही, नुसती स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांकडे ड्रॉचा दावा करायचा. बहुतेक जण ऐटीत चाल खेळतात, घड्याळ दाबतात आणि मग हात वर करतात. तोवर हक्क समोरच्याकडे गेलेला असतो. आणि तुमचा दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं बक्षीस.

आणि ड्रॉ ठरलाच, तर हात पुढे करण्याआधी 'ड्रॉ' हा शब्द तोंडाने स्पष्ट उच्चारा. डाव सोडतानाही हातच मिळवतात. नुसत्या हसऱ्या हस्तांदोलनानंतर एक जण बाहेर जाऊन आईला सांगतो "बरोबरी", दुसरा मित्रांना सांगतो "जिंकलो", आणि पंच दोघांनाही शोधत चहाच्या टपरीवर येतात.